नावे कोण वाचणार?

(१७ जानेवारीच्या हुतात्मा दिनाच्या तयारीसाठी बेळगावात भरलेल्या मंडळाच्या सभेतील भाषण)



हुतात्मा दिनाच्या नियोजनावर दोन शब्द बोलावेत, असे मला सांगण्यात आले. आपल्याकडे दोन शब्द म्हणजे पाऊण तास, म्हणून मी लिहूनच आणले आहे. सुरुवात जरा लांबून, विलायतेतून करतो. फिरून बेळगावातच येणार आहे.

पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी ११ वाजता थांबले. त्याची आठवण म्हणून इंग्लंडातल्या गावागावांत नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी एक मिरवणूक निघते. गुलाल नाही, घोषणा नाहीत, असलाच तर एखादा बँड. पुढे माजी सैनिक, छातीवर डाव्या बाजूला पदके. ज्यांना चालवत नाही ते चाकाच्या खुर्चीत. त्यांच्या मागे बालवीर आणि वीरबाला, म्हणजे आपले स्काऊट आणि गाईड, गळ्यात स्कार्फ आणि हातात निशाणे घेऊन. त्यांत सहा-सात वर्षांची पोरेही असतात. त्यांचे पाय जुळत नाहीत, तरी चालतात. गावच्या स्मारकाशी किंवा दफनभूमीत सगळे थांबतात. बिगुलावर लास्ट पोस्ट वाजते, निशाणे झुकतात आणि अकराच्या ठोक्याला दोन मिनिटे शांतता पाळली जाते. कॅम्पाजवळ राहणाऱ्यांना बिगुलाचे हे सूर नवे नाहीत. छावणीत ती दिवस संपल्याची खूण असते. मग गावातून गेलेल्यांची नावे एकेक करून वाचतात, आणि बऱ्याच ठिकाणी हे काम मुलांकडे असते.

यात एक बारीक रीत आहे. सैनिक वारला की त्याची पदके नातवाला लावता येतात, पण उजव्या छातीवर. डावी बाजू ज्याने कमावली त्याची, उजवी ज्याने जपली त्याची. पाहणाऱ्याला न विचारता कळते की हा स्वतः लढलेला नाही, पण कोणाचा तरी आहे. मला ही रीत फार आवडते.

पहिल्या महायुद्धात खंदकात लढलेले शेवटचे ब्रिटिश सैनिक हॅरी पॅच. ते जुलै २००९ मध्ये १११ व्या वर्षी वारले. दुसऱ्या महायुद्धात लढलेलेही आता शंभरीच्या आसपास आहेत. म्हणजे मिरवणुकीचे पुढचे टोक दरवर्षी आखूड होत चालले आहे. मिरवणूक टिकली ती मागच्या टोकामुळे.

हॉलंडात ओस्टरबीक नावाचे गाव आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये तिथे छत्रीधारी ब्रिटिश आणि पोलिश सैनिकांची मोठी लढाई झाली. तिथल्या दफनभूमीत सतराशेच्या वर थडगी आहेत. १९४५ पासून दर सप्टेंबरात गावातली शाळकरी मुले प्रत्येक थडग्यासमोर एकेक जण उभी राहतात आणि फुले वाहतात. पंचवीस वर्षे झाल्यावर, १९६९ च्या सुमारास, ब्रिटिश पलटणीलाच वाटले की आता पुरे, हा सोहळा थांबवावा. तेव्हा आग्रह धरून तो चालू ठेवला गावकऱ्यांनी. मृतांशी ना नाते, ना भाषा एक. तरीही.

इथे कोणी म्हणेल, इंग्रजांचे गोडवे गाऊ नका. गाणार नाही. त्यांनी आपल्या माणसांचा हिशोब कसा ठेवला तेही सांगतो. पहिल्या महायुद्धात इराकमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी लढल्या. कुतच्या वेढ्यात उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ ला त्या शत्रूच्या हाती पडल्या. त्या मोहिमेत मेलेल्या, पण थडगे नसलेल्या चाळीस हजारांवर सैनिकांसाठी बसऱ्याला स्मारक बांधले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली, हिंदी पलटणींतल्या अधिकाऱ्यांचीही कोरली. साधे हिंदी शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली नुसत्या आकड्याने दाखवले. दगडाखाली सर्व मृत समान, असे सांगणाऱ्या त्याच युद्धस्मारक आयोगाची ही कृती. एप्रिल २०२१ मध्ये आयोगाने स्वतःच अहवाल काढून माफी मागितली. शंभर वर्षांनी.

दुसऱ्या महायुद्धात हे सुधारले. माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे. मोंतोने या इटालियन गावाने तर जुलै २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले.

मी बँकेत आकडे जुळवणारा माणूस. आकड्याला मी कमी लेखणार नाही. पण खात्याला नाव नसेल तर ती रक्कम कोणाची, हे सांगता येत नाही. आता आपल्याकडे या. संयुक्त महाराष्ट्राचे हुतात्मे किती, असे विचारले तर शाळकरी मूलही १०५ म्हणेल. पुढे १०६ म्हणू लागले, १०७ ही म्हणतात. त्यांतली पाच नावे सांग म्हटले की गप्प. मुंबईचे सोडा. १७ जानेवारी १९५६ ला आपल्या शहरात आणि निपाणीत गोळीबारात गेलेले, १ जून १९८६ ला कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गेलेले, ज्यांच्यासाठी आपण हिंडलग्याच्या स्मारकाशी जमतो, त्यांची तरी नावे किती घरांत ठाऊक आहेत?

श्राद्धात आपण बाप, आजा, पणजा अशी तीनच नावे घेतो. चौथे नाव गळते. १९५६ पासून मोजले तर तिसरी पिढी आता हातातोंडाशी आली आहे. तो दिवस पंधराव्या वर्षी पाहिलेला माणूस आज पंचाऐंशीच्या घरात आहे. १ नोव्हेंबरच्या फेरीला तरुण मोठ्या संख्येने येतात, याचा आनंदच आहे. पण १७ जानेवारीच्या सकाळी हुतात्मा चौकात पाहा. पांढरे केस, पुढाऱ्यांची भाषणे, हार, फोटो, अर्ध्या तासात सारे सामसूम. तरुण येत नाहीत, कारण त्यांना तिथे काही कामच नसते. फक्त ऐकायला कोण येईल?

म्हणून माझी मागणी एवढीच: भाषणे दोन, फार तर तीन मिनिटांची. चौकापर्यंत सर्वांनी चालत जायचे. पुढे सत्याग्रही, त्यांच्या बरोबर आपल्या भागातले माजी सैनिक, मागे मुले. माजी सैनिक कशाला, असे काहींनी विचारले. हे मराठा लाइट इन्फंट्रीचे गाव आहे, सेंटर १९२२ पासून इथे आहे. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी ही मंडळी आमच्या काउंटरवर येतात. संगणकावर सोय झाली तरी जुनी माणसे येतातच. सरकार त्यांना वर्षातून एकदा, जिवंत आहात ना, एवढेच विचारते. आपण त्यांना चालायला बोलवावे.

सेंटरचा बँड मागावा अशी सूचना आली आहे. ती मान्य करू नये. चालू नोकरीतल्या जवानांना आपल्या राजकीय लढ्यात ओढणे नियमात बसत नाही आणि शोभतही नाही. एखादा निवृत्त बिगुलर मिळाला तर उत्तम, नाहीतर शांतता पुरे. तसेच मुलांना शाळेच्या स्काऊट गणवेशात आणू नका. ती चळवळ राजकारणापासून दूर राहणारी आहे, आणि उगाच शाळेला नोटीस यायची. पांढरा सदरा घालून, आईवडिलांच्या संमतीने यावे.

नावे मी आज इथे वाचणार नाही. ती मुलांनी वाचायची आहेत, आणि त्याआधी शोधायची आहेत. प्रत्येक नावामागे एक मूल. त्याने त्या हुतात्म्याच्या घरी जायचे, गाव, वय, धंदा, मागे कोण राहिले, हे विचारून वहीत उतरवायचे. लेखनात फरक आढळला तर घरचे सांगतील तेच खरे धरायचे. घर सापडले नाही तर गल्लीतल्या पंचांना विचारावे. वह्या १० जानेवारीपर्यंत कार्यालयात माझ्याकडे द्याव्यात, मी यादी ताडून घेतो. १७ तारखेला मुलांनी पंधरा मिनिटे आधी यावे. ज्यांना चालवत नाही अशा ज्येष्ठांसाठी रिक्षा सांगितली आहे, त्यांनी आपली नावे आजच नोंदवावीत.