पदक मागणे ही याचना नव्हे

(बुलढाणा येथे माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सैनिक नाही. माझा व्यवसाय कागदाचा आहे. परंतु ज्या विषयावर आज बोलावयाचे आहे, तो विषय बंदुकीपासून सुरू होऊन कागदावरच संपतो, म्हणून एका वकिलाने तुमच्यापुढे उभे राहणे अगदीच अनुचित होणार नाही.

काही काळापूर्वी मेहकर तालुक्यातील एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे आले. १९७१ च्या युद्धात ते पलटणीत जवान होते. शत्रूच्या माऱ्याखाली जखमी सोबत्याला आणि त्याच्या मशीनगनला त्यांनी मागे आणले. त्या रात्री कंपनी कमांडर म्हणाले, "तुझे नाव वर पाठवतो." नाव वर गेले की नाही, हे या गृहस्थांना पन्नास वर्षांत कधीच कळले नाही. मी विचारले, "आबा, इतक्या वर्षांनी पदक कशासाठी?" ते म्हणाले, "वकीलसाहेब, मले पैसे नको. नातवानं इचारलं, आबा, तुम्ही लढाईत काय केलं? त्याले दाखवाले एक कागद पाह्यजे."

वाचकहो, या एका वाक्यात आजचा सारा विषय आला. सैनिकाला हवे असते ते त्याने केलेल्या कृत्याचे प्रमाण, आणि हे प्रमाण मागणे ही याचना नव्हे. परंतु हक्काने मागावयाचे तर हक्काचा मार्ग ठाऊक असला पाहिजे.

प्रथम एक घोटाळा दूर करतो. आबांच्या छातीवर पदके नव्हती असे नाही. १९७१ चे संग्राम पदक त्यांच्यापाशी होते. परंतु ते त्या मोहिमेत सेवा केल्याचे पदक होय, आणि ते हजारोंना मिळाले. शौर्यपदक ही वेगळी वस्तू आहे. परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र ही तीन पदके २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाली व १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू करण्यात आली. ती शत्रूसमोरील विशिष्ट कृत्यासाठी विशिष्ट व्यक्तीला देतात. शत्रूशी प्रत्यक्ष लढाई नसतानाच्या शौर्यासाठी अशोक चक्र, कीर्ती चक्र व शौर्य चक्र आहेत. त्यांची स्थापना १९५२ ची असून आजची नावे १९६७ पासूनची आहेत.

शौर्यपदक मिळते कसे? पलटणीचा अधिकारी शिफारस लिहितो. कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी, कोणी काय केले आणि ते कोणी पाहिले, हे त्यात असावे लागते. ती शिफारस ब्रिगेड, डिव्हिजन अशा पायऱ्या चढत सेना मुख्यालयात जाते, तेथून संरक्षण मंत्रालयाच्या समितीपुढे आणि अखेर राष्ट्रपतींकडे. प्रजासत्ताकदिनी व स्वातंत्र्यदिनी नावे जाहीर होतात. या शिडीची पहिली पायरी म्हणजे एका माणसाने लिहिलेला एक कागद. तो लिहिणारा त्याच लढाईत धारातीर्थी पडला, साक्षीदार उरला नाही, किंवा लिहिणाऱ्याच्या मनात आकस असला, तर मोठ्यातले मोठे शौर्यही जणू घडलेच नाही असे ठरते. पदक शौर्याला मिळत नाही, नोंदलेल्या शौर्याला मिळते.

हे सत्य आपल्या समाजाइतके कोणी सोसले असेल? १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी कोरेगावला लढलेल्यांपैकी जे पडले, त्यांची नावे तेथील स्तंभावर कोरली गेली. १८२१ साली त्या स्तंभाची पायाभरणी झाली. त्या नावांत 'नाक' हा प्रत्यय असलेली नावे आहेत, म्हणून कोण लढले याविषयी आज कोणाला वाद घालता येत नाही. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापुढे गेले, ते याच नोंदीपुढे गेले.

पण पदकाचे काय झाले? ईस्ट इंडिया कंपनीने १८०३ ते १८२६ मधील लढायांसाठी 'आर्मी ऑफ इंडिया मेडल' नावाचे पदक काढले, तेव्हा १८५१ साल उजाडले होते. कोरेगावच्या लढाईच्या नावाची पट्टी त्या पदकाला होती. परंतु पदक केवळ हयात असलेल्यांना! लढाईच्या दिवशी वीस वर्षांचा असलेला शिपाई तोवर त्रेपन्न वर्षांचा झाला होता. जो मधल्या ३३ वर्षांत वारला, त्याच्या घरच्यांना काहीही मिळावयाचे नव्हते. विलंब हासुद्धा नकाराचाच एक प्रकार आहे.

पुढे १८९२ च्या सुमारास 'लढाऊ जाती'च्या सिद्धांतापायी महारांची लष्करभरतीच बंद झाली. जेथे भरती नाही, तेथे पदक कसले? निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली या अन्यायाविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे विनंतीअर्ज धाडला. हे अर्ज कशाच्या आधारे लिहिले गेले? पूर्वजांच्या सैनिकी सेवेच्या आधारे. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज सरताच १९२१ साली ती मोडली. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली ती टिकली. त्याच रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ च्या श्रीलंकेतील लढाईबद्दल मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. सेवाच नाकारली गेली होती तेथपासून सर्वोच्च पदकापर्यंतची ही वाट आहे, आणि अर्ज हा तिच्यावरील एक टप्पा आहे. अर्ज करणाऱ्याला कोणी हिणवू नये.

आता कायदा पाहू. संविधानाच्या १८ व्या अनुच्छेदाने राज्याला किताब देण्यास मनाई केली. रावबहादूर गेले, सर गेले. मात्र त्याच वाक्यात दोन अपवाद ठेवले: लष्करी मानसन्मान आणि विद्याविषयक मानसन्मान. या दोहोंचे मूळ जन्मात नसते, कर्तृत्वात असते, असाच याचा अर्थ मी घेतो. कंपनीचे पदक फक्त जिवंतांचे होते, प्रजासत्ताकाचे शौर्यपदक मरणोत्तरही मिळते. म्हणून वीरपत्नीने आणि मुलाने हा विषय आपला नव्हे असे समजू नये.

सेवेत असलेल्या जवानाला अन्याय झाला असे वाटल्यास सेना अधिनियम १९५० च्या २६ व्या कलमाने वरिष्ठाकडे तक्रार करण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क आधी वापरावा लागतो. तेथे दाद न मिळाल्यास २००७ च्या कायद्याने निर्माण झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्याचे एक खंडपीठ मुंबईस आहे. निवृत्त सैनिक आणि त्याचे वारसही सेवाविषयक बाबींसाठी तेथे जाऊ शकतात. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत आहे. सबळ कारण असल्यास विलंब माफ होतो, पण तो माफ करणे न्यायाधिकरणाच्या हाती असते.

येथे एक भेद ध्यानात ठेवा. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे आपल्या जिल्ह्याने दोन पुत्र गमावले, एक मलकापूरचे आणि दुसरे लोणार तालुक्यातील. ते केंद्रीय राखीव पोलीस दलाचे होते. हे दल गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत येते आणि त्याला हे न्यायाधिकरण लागू नाही. त्या दलाच्या जवानाला उच्च न्यायालयात जावे लागते, म्हणजे आपल्याकडच्या माणसाला बहुधा नागपूर खंडपीठाकडे. दार चुकले की वर्षे वाया जातात.

आणि एक कटू गोष्ट. न्यायाधीश कोणाच्या छातीवर पदक लावीत नाहीत. कोणाचे शौर्य मोठे, हे ठरविणे आपले काम नव्हे, असे न्यायालये मानतात. मात्र शिफारस पाहिलीच गेली नाही, नोंद आकसाने लिहिली गेली किंवा समान कृत्यांना असमान माप लावले गेले, तर फेरविचार करावयास ती सांगू शकतात. २०१० साली न्यायाधिकरणाने कारगिल युद्धातील बटालिक क्षेत्रातील एका ब्रिगेडियरच्या प्रकरणी, वरिष्ठाच्या पूर्वग्रहामुळे लढाईचा वृत्तांतच विपरीत नोंदला गेला, असा निर्णय दिला. म्हणजे कायद्याचा हात पदकापर्यंत पोहोचत नसला, तरी नोंदीपर्यंत पोहोचतो.

आबांच्या प्रकरणात आम्ही अर्ज केला. उत्तर आले की अशी शिफारस अभिलेखात आढळत नाही. कंपनी कमांडर हयात नव्हते. आबांना जातीमुळे डावलले काय, असे मला पुष्कळांनी विचारले. मी नाही म्हणत नाही आणि होयही म्हणत नाही, कारण माझ्यापाशी पुरावा नाही, आणि पुराव्यावाचून आरोप करणारा वकील आपल्या पक्षकाराचीच बाजू दुबळी करतो. आम्ही एवढेच केले, की त्यांच्या एका हयात सोबत्याचे प्रतिज्ञापत्र घेतले. त्यात त्या रात्रीची हकीकत, जागा, जखमीचे नाव आणि मशीनगन, सर्व काही आहे. ते पदक नव्हे. पण आबांनी ते नातवाला दिले तेव्हा मी तेथे होतो. म्हातारा माणूस ताठ उभा राहिला होता.

सैनिक बंधूंनो, हीच गोष्ट पन्नास वर्षे आधी झाली असती तर? म्हणून तुमच्या तरुण मुलांना सांगा: लढाईनंतर तारीख, जागा, अधिकाऱ्याचे व साक्षीदाराचे नाव लिहून ठेवा. शिफारस गेली काय, हे सेवेत असतानाच रीतसर विचारा. प्रत्येक अर्जाची प्रत आणि पोच जपा. डिस्चार्ज बुक पेटीच्या तळाशी वाळवीला देऊ नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी चढावयास संकोच करू नका. स्वतःच्या नोंदींसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा. सुरक्षेच्या कारणास्तव काही भाग नाकारला जाईल, पण उरलेला मिळेल.

कोरेगावच्या शिपायांची नावे दगडावर होती म्हणून ती वाचली. आपल्या घरी दगड नाही, पण वही आहे आणि लिहिता येणारी मुले आहेत. आज घरी गेल्यावर आपल्या घरच्या सैनिकाला समोर बसवा आणि त्याने काय केले ते त्याच्याच तोंडून लिहून घ्या.

जयभीम!