आधी जुळणी, मग तुलना



गोदाकाठच्या नांदेडमध्ये आज आपण हाडांच्या त्रिमितीय मॉडेलांच्या जुळणीवर बोलायला जमलो आहोत. मांडव आमच्या दारात असला तरी यजमानपण लातूरकरांचंही आहे. इथे विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थाही आहे. हाडं ओळखणारे आणि गणित मांडणारे एका टेबलाशी बसल्याशिवाय आजचा विषय पुढे सरकत नाही.

सीटी स्कॅनच्या कापांतून हाडाच्या पृष्ठभागाचं त्रिमितीय मॉडेल उभं करणं आता विद्यार्थीही करतात. खरी अडचण पुढे येते. रुग्ण टेबलावर जसा झोपला, तसं मॉडेल पडद्यावर येतं. दोन फीमरची, म्हणजे मांडीच्या हाडांची, तुलना करायची, तर एक दुसऱ्यावर बसवावं लागतं: तीन दिशांनी सरकवायचं, तीन अक्षांभोवती फिरवायचं. लहानमोठेपणा बाजूला ठेवून नुसती घडण पाहायची असेल, तर मापही बदलायचं. डावं हाड उजव्याशी ताडायचं तर आधी त्याचं आरशातलं रूप घ्यायचं.

1992 साली बेसल आणि मॅके यांनी मांडलेली पद्धत आपण सगळेच वापरतो. प्रत्येक बिंदूचा समोरच्या पृष्ठभागावरचा सर्वांत जवळचा बिंदू शोधायचा, त्यानुसार हाड हलवायचं, पुन्हा शोधायचं, आणि अंतर कमी होईनासं झालं की थांबायचं. पण सुरुवातच भलतीकडून झाली, तर संगणक भलत्याच जागी थांबतो. म्हणून आधी गुडघ्याकडचे कॉन्डाइल, खुब्याजवळचा ग्रेटर ट्रोकँटर अशा खुणा जाणत्या हाताने लावाव्या लागतात. हे काम शरीररचनाशास्त्राच्या शिक्षकाचं आहे, आणि त्याला पर्याय आहे असं मला वाटत नाही.

एक उदाहरण देतो. दोन फीमरमध्ये फरक फक्त मानेच्या पिळाचा आहे असं समजा. खालचे कॉन्डाइल जुळवले, तर सगळा फरक वर, मान आणि डोक्यापाशी दिसतो. संपूर्ण पृष्ठभाग एकदम जुळवला, तर तोच फरक दोन्ही टोकांना वाटला जातो आणि निर्दोष कॉन्डाइलही फरक दाखवणाऱ्या रंगीत नकाशावर लाल दिसू लागतात. हाडं तीच असतात, निष्कर्ष मात्र बदलतो. एका बाजूचं हाड मोडलं की दुसऱ्या बाजूच्या धडधाकट हाडाचं आरशातलं रूप धरून शस्त्रक्रियेची आखणी होते. तिथे हा घोळ रुग्णाच्या पायाला भोवू शकतो.

म्हणून स्वागताध्यक्ष या नात्याने एक आग्रह धरतो. इथे सादर होणाऱ्या प्रत्येक शोधनिबंधात जुळणी कोणत्या खुणांवर केली, माप बदललं की राखलं, आणि त्याच व्यक्तीने त्याच खुणा पुन्हा लावल्यावर किती फरक पडला, एवढं लिहिलेलं असावं. नांदेड आणि लातूरच्या विभागांनी फीमरपुरती तरी एकच खुणांची यादी ठरवली, तर इथली मोजमापं तिथल्या मोजमापांशेजारी ठेवता येतील. आपल्या भागातल्या माणसांच्या हाडांचा संग्रह आपणच उभा करायचा आहे, आणि तो दोन गावांच्या दोन पद्धतींत अडकू नये.

दुपारच्या सत्रात दोन्ही गावांच्या गटांना एकच मॉडेल दिलं जाईल. कृपया आपले लॅपटॉप चार्ज करून ठेवा. आता उद्घाटकांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.