दोन ठिकाणी शिकणारा विद्यार्थी आणि अर्थसाहाय्याचे नियम

(चाकण परिसरातील मुख्याध्यापक, ग्रामपंचायत सदस्य व महसूल कर्मचारी यांच्या मेळाव्यात एका निवृत्त प्राचार्यांनी केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



आपला हा पट्टा कसा घडला हे आपणांस सांगावयास नको. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. चाकणचे नाव तोवर कांद्याच्या बाजारासाठी घेतले जाई. १९९९ साली येथे बजाजचा कारखाना सुरू झाला आणि २००९ साली फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ या दोन जर्मन कंपन्यांचे कारखाने उभे राहिले. आज महाळुंग्याच्या किंवा निघोज्याच्या घरात आजीबाईसुद्धा ही नावे सहज उच्चारतात. अशा घरातील मुलाने किंवा मुलीने जर्मनीस जाऊन शिकण्याचे मनात आणले तर त्यात नवल नाही. मात्र मनात आणणे आणि त्यासाठी पैसा उभा करणे या दोहोंच्या मध्ये नियमांचे एक मोठे पुस्तक आहे. त्या पुस्तकातील जी पाने आपल्या हातून उलटली जातात, त्यांविषयीच मी आज बोलणार आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जवळच्याच एका गावचा, अभियांत्रिकीची पदवी घेतलेला एक विद्यार्थी वडिलांसह माझ्याकडे आला. वडील कंत्राटी कामगार. जमिनीचा मोबदला मिळाला होता तो चार भावांत वाटला गेला आणि वाट्यास आलेल्या रकमेतून घर बांधले गेले. मुलास जर्मनीतील एका सार्वजनिक विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला होता. तेथे शिक्षणशुल्क नाही, हे ऐकून घरात आनंदीआनंद होता. परंतु व्हिसासाठी एक वर्षाच्या निर्वाहाची रक्कम अगोदरच तेथील गोठविलेल्या खात्यात भरावी लागते आणि तेथे गेल्यावर ती दरमहा हप्त्याने परत मिळते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ती रक्कम त्या वेळी अकरा हजार युरोंहून अधिक, म्हणजे दहा लाख रुपयांच्या घरात होती. (सप्टेंबर २०२४ मध्ये ती ११,९०४ युरो, म्हणजे महिन्यास ९९२ युरो, अशी ठरविण्यात आली.) वडिलांनी मला विचारले, "सर, फीच नाही म्हणतात, तर मग एवढे पैसे कशाचे?"

या प्रश्नाने मला विचारात पाडले, कारण आमच्या नियमांचीही नेमकी हीच अडचण आहे. विद्यार्थी एक, संस्था एक आणि खर्च म्हणजे शिक्षणशुल्क, असे गृहीत धरून अर्थसाहाय्याचे बहुतेक नियम लिहिले गेले. शुल्कमाफी शुल्काची, प्रतिपूर्ती शुल्काची, बँकेच्या अर्जातील पहिला रकानाही शुल्काचाच. ज्याला शुल्क द्यावयाचे नाही पण वर्षभर जगावयाचे आहे, अशा विद्यार्थ्यासाठी रकाना शोधावा लागतो. त्या मुलाच्या प्रकरणी एका बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर मी स्वतः दोन वेळा बसलो. गृहस्थ भले होते, परंतु त्यांचेही हात बांधलेले होते. भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार चार लाखांपर्यंतच्या कर्जास तारण व स्वतःचा हिस्सा लागत नाही. साडेसात लाखांच्या वर मात्र तारण हवे आणि परदेशी शिक्षणासाठी चार लाखांवरील कर्जात पंधरा टक्के हिस्सा कुटुंबाने घालावयाचा असतो. दहा लाखांवर हा हिस्सा दीड लाख होतो. शिष्यवृत्ती मिळत असल्यास ती या हिश्श्यात धरता येते, ही तरतूद फारशी कोणास ठाऊक नाही, ती कृपया लिहून घ्यावी. तारण म्हणून वडिलांनी घर दाखविले, पण ते घर अकृषिक परवानगीविना उभे होते. अखेर जुन्नर तालुक्यातील मामांनी आपली जमीन तारण दिली. तोवर हिवाळी सत्र सुरू होऊन गेले होते. मुलगा पुढल्या उन्हाळी सत्रास गेला, आज तो तेथे नीट शिकतो आहे. एक सत्र मात्र गेले, आणि ते पैशाअभावी गेले असे म्हणण्यापेक्षा माहितीअभावी गेले असे म्हणणे अधिक रास्त ठरेल.

जाता जाता एक सूचना. जर्मनीत सर्वत्र शिक्षण निःशुल्क आहे, हा समजही अपुरा आहे. स्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात आहे, तेथे युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून प्रत्येक सत्रास १,५०० युरो घेतले जातात. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना आपली शैक्षणिक कागदपत्रे अगोदर पडताळून घ्यावी लागतात, आणि त्यासही वेळ लागतो.

आता आपल्या दाराजवळच्या 'दोन ठिकाणच्या' शिक्षणाकडे वळू. या पट्ट्यास ते नवे नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली येथील कारखान्यांत कितीतरी मुले तयार झाली. मर्सिडीज-बेंझने पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनाबरोबर २००२ साली वाहन-मेकॅट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम सुरू केला. वर्ग एका छपराखाली आणि यंत्र दुसऱ्या, ही पद्धत औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतही आता रुळली आहे. येथे अर्थसाहाय्याचा एक पेच हमखास उभा राहतो. कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थीच, कामगार नव्हे, आणि त्याला मिळते ते विद्यावेतन, पगार नव्हे. २०१९ च्या नियमांनी या विद्यावेतनाची किमान रक्कम पात्रतेनुसार पाच ते नऊ हजार रुपये ठरविली. दुसरीकडे, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेणाऱ्याने दुसरी शिष्यवृत्ती घेऊ नये, असा नियम आहे. मग विद्यावेतन ही 'दुसरी शिष्यवृत्ती' समजावयाची काय, असा प्रश्न कचेरीत निघतो आणि अर्ज तेथेच थांबतो. माझे सांगणे एवढेच, की विद्यावेतन घेणाऱ्या मुलाचा अर्ज परत करण्यापूर्वी लिपिकाने वरिष्ठांचे लेखी मत घ्यावे. तोंडी नकाराविरुद्ध दाद मागता येत नाही.

अलीकडे परदेशी विद्यापीठाशी सहयोग असलेल्या महाविद्यालयांच्या जाहिराती गावोगाव दिसतात. यांपैकी काही खऱ्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२२ मध्ये यासाठी विनियम केले. त्यांनुसार जोड-अभ्यासक्रमात विद्यार्थ्यास तीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशी संस्थेत मिळविता येतात आणि पदवी भारतीय संस्थाच देते. संयुक्त पदवी व दुहेरी पदवी हे प्रकार याहून वेगळे. परंतु पालकांच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग विनियमांत नाही, तो शिष्यवृत्तीच्या नियमांत आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती फक्त भारतातील शिक्षणासाठी असते. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना तारणाविना कर्ज देते खरे, पण निवडक भारतीय संस्थांतील प्रवेशासाठी. तेव्हा परदेशात घालविलेल्या सत्राचा खर्च कोणी करावयाचा, हे प्रवेश घेण्यापूर्वीच महाविद्यालयाकडून लेखी मागून घ्यावे. शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरविलेले शुल्क किती आणि सहयोगाच्या नावाखाली घेतली जाणारी रक्कम किती, याचीही फोड मागावी. जी संस्था ही फोड देत नाही, तिच्या माहितीपत्रकावरील परदेशी इमारतीच्या छायाचित्रास भुलून जाऊ नये.

याच ओघात मुलींविषयी. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेतल्यास शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळते. मात्र खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठे यातून वगळलेली आहेत. पिंपरी-चिंचवडच्या परिसरात एकाच नावाचे महाविद्यालय आणि विद्यापीठ शेजारी शेजारी असतात. एका फाटकात सवलत आहे आणि पलीकडच्या फाटकात नाही, हे बारावीच्या वर्गशिक्षकाने सांगितले नाही तर पालकांना कसे कळावे? महानगरपालिकेच्या महिला व बालकल्याण योजनांत, परदेशात उच्च शिक्षण घेणाऱ्या शहरातील युवतींसाठी अर्थसाहाय्याचीही तरतूद राहिली आहे. चिखली, मोशीकडील रहिवाशांनी तिची चौकशी अवश्य करावी.

परदेशी शिष्यवृत्तीचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडे एक थोर उदाहरण सहज ओठांवर येते. १९१३ साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव गायकवाडांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. महिन्यास साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. हे उदाहरण आपण गौरवाने सांगतो, ते योग्यच आहे. पण त्यातील नियमांचा भाग आपण वाचीत नाही. बाबासाहेब १९१६ साली लंडनला गेले आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे तेथील अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पुन्हा लंडन गाठण्यास १९२० साल उजाडले. त्या वेळी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीतून शिल्लक टाकलेली रक्कम, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून घेतलेले कर्ज, अशी तिहेरी जुळवाजुळव करावी लागली. दाता उदार होता आणि विद्यार्थी असामान्य होता, तरीही मुदतीचा एक आकडा आड आला. सामान्य विद्यार्थ्यास असे तीन आधार कोठून मिळावेत?

या दोन्ही थोर पुरुषांची नावे आज राज्याच्या योजनांना आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून चालू असून तिच्या वर्षाला ७५ जागा आहेत. सारथी संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची योजना २०२३ साली मंजूर झाली, तिच्याही ७५ जागा. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त, आदिवासी व खुल्या प्रवर्गातील दुर्बल घटक यांच्यासाठी स्वतंत्र योजना आहेत. अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहाव्यात, गतवर्षीच्या कात्रणावर विसंबू नये. २०२४ साली जाहीर झालेल्या काही अटी टीका झाल्यानंतर सौम्य करण्यात आल्या, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचलेच असेल. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची. तिच्या १२५ जागांत भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठीही चार जागा असतात. आपल्या गावातील कुंभाराच्या किंवा लोहाराच्या मुलाला ही गोष्ट कोणी सांगितली आहे काय? २०२५ च्या जुलैत या योजनेत निवडल्या गेलेल्या १०६ जणांपैकी प्रथम ४० जणांनाच तात्पुरती पत्रे मिळाली आणि उरलेल्यांना निधीच्या उपलब्धतेकडे बोट दाखविण्यात आले, हेही सांगितले पाहिजे. निवड झाली म्हणजे तिकीट काढावे, असा काळ नाही. दुसरी व्यवस्था हाताशी असावी.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, तो कागदांचा. या पट्ट्यातील निम्म्याहून अधिक अडचणी येथेच निर्माण होतात, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. भोसरी, चाकण, निगडी येथे भाड्याच्या खोल्यांत राहणारी कितीतरी कुटुंबे मराठवाड्यातून आणि विदर्भातून आलेली आहेत. मूल जन्मले चिंचवडला, शिकले चिंचवडला. परंतु जातीच्या दाखल्यासाठी पुरावा लागतो तो अनुसूचित जातींना १९५०, भटक्या-विमुक्तांना १९६१ आणि इतर मागासवर्गास १९६७ या सालांतील मूळ वास्तव्याचा. म्हणजे आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा धाराशिव किंवा वाशीम जिल्ह्यातील एखाद्या गावी पडून असतो आणि त्यासाठी वडिलांना पाळीचा खाडा करून जावे लागते. पडताळणी त्यानंतर. हे सारे बारावीच्या निकालानंतर सुरू झाले तर कोणतीच अंतिम तारीख साधत नाही. अकरावीत प्रवेश देतानाच शिक्षकांनी हा शोध सुरू करून द्यावा.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे. पारपत्रावर रकाने वेगळे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये पहिलीत कोणी घाईने लिहिलेले 'संतोश' पुढे गुणपत्रिकेवर 'संतोष' होते, आधारवर तिसरेच काही. परदेशी कचेरीच्या लेखी ही तीन निरनिराळी माणसे. दहावीचा अर्ज भरण्यापूर्वी नावाची दुरुस्ती करणे शाळेला सोपे असते, नंतर ती फार लांबते.

आणि उत्पन्नाचा दाखला. कंत्राटी कामगाराजवळ पगाराचे नियमित पत्रक नसते, वर्षात दोन कंत्राटदार बदललेले असतात. परवापर्यंत ज्यांना आपण तलाठी म्हणत होतो, त्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी अशा घराची चौकशी करताना जमिनीच्या जुन्या मोबदल्याची ऐकीव रक्कम वार्षिक उत्पन्नात धरू नये. तो एकदाच मिळालेला पैसा असतो आणि बहुधा भिंतींत गेलेला असतो.

एप्रिलात नवे आर्थिक वर्ष सुरू होते आणि नवे दाखले निघू लागतात. जर्मनीतील बहुतेक विद्यापीठांच्या हिवाळी सत्राची अर्जाची मुदत १५ जुलैच्या सुमारास संपते. मधले साडेतीन महिने म्हणजे आपल्याकडे लग्नसराई, शाळेची सुट्टी, खरिपाची पेरणी आणि वारी. या काळातही दाखल्यांचे काम एका ठराविक वारी चालू ठेवता येईल काय, याचा विचार आपण दुपारच्या सत्रात करावा. मी कोरे अर्ज आणि मागील वर्षीच्या जाहिराती सोबत आणल्या आहेत. जेवणानंतर उजवीकडच्या खोलीत बसून आपण एक अर्ज पहिल्या रकान्यापासून भरून पाहू.