तीन छप्पन्नचं स्वप्न



किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ला, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून दमलेली माणसं गाढ झोपेत होती. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच माळवद अंगावर आलं. लातूर-उस्मानाबादच्या त्या पट्ट्यात हजारो माणसं गेली. वाचलेली पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, आणि पक्की घरं मिळाल्यावरही अंगणातच खाट टाकणारे होते.

त्यांतला एक जण माझ्याकडे आला तो तब्बल वीस वर्षांनी. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगतो. भूकंपाच्या वेळी तो दहा वर्षांचा होता, आई त्याच रात्री गेली. तो गप्पच होता, बोलली ती बायको. "हे झोपेत गादी उकरतात, डॉक्टर. दोन्ही हातांनी. कापूस बाहेर आलाय." मग तो खाली बघत म्हणाला, "माळवद पडतंय ते पडू द्या. पण आई हाक मारती अन् माझा आवाज फुटत नाही."

घरच्यांनी अंगारा लावला होता, उशाखाली विळा ठेवला होता. त्याला मी हसत नाही. आपल्यासाठी कुणी तरी जागं आहे, एवढं तरी त्यातून कळतं. मित्रांनी शिकवलेली दारू मात्र घातकच. तिनं डोळा लवकर लागतो, पण दबलेली स्वप्नं उत्तररात्री व्याजासकट वसुलीला येतात. एरवीही स्वप्नांची झोप पहाटेकडे लांबत जाते. नेमक्या भूकंपाच्याच वेळी जाग का येते, या त्याच्या भीतीतलं निम्मं कोडं इथंच सुटलं.

मी त्याला शंभर पानी वही आणायला सांगितली. दिवसा, उजेडात बसून स्वप्न लिहायचं, त्यात हवा तो बदल करायचा, आणि ते नवं स्वप्न रोज दहा-पंधरा मिनिटं डोळ्यांपुढे आणायचं. जुनं घोकायचं नाही. ही पद्धत माझी नव्हे. अमेरिकेत बॅरी क्राको यांनी ती लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांबरोबर वापरून पाहिली. २००१ साली तो अभ्यास छापून आला, आणि दुःस्वप्नं कमी झाल्याचं त्यात दिसलं.

आठवड्यानं वही कोरीच परत आली. "आई वाचली असं लिहू का? ते तर खोटं आहे," तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. मीच घाई केली होती. अशा वेळी सगळ्यात भयंकर स्वप्नाला आधी हात घालू नये, हेही मी विसरलो होतो. मग आम्ही गोठ्यात कोंडल्याच्या एका साध्या स्वप्नापासून सुरुवात केली. मोठ्या स्वप्नाची पाळी आली, तेव्हा त्यानं फक्त छत बदललं. माळवदाच्या जागी पत्रा, पत्र्यावर पाऊस वाजतोय. आई हाक मारते. तो "ओ" देतो. एवढंच.

स्वप्न कायमचं गेलं नाही. आठवड्यात चारदा यायचं, ते महिन्या-दोन महिन्यांतून एकदा येऊ लागलं. दिवाळीच्या आधी बायकोनं गादी नव्यानं भरून घेतली.

अपघात, पूर, मारहाण, कशामुळेही अशी स्वप्नं महिन्याहून जास्त छळत असतील, जगणं नकोसं वाटत असेल, तर एकट्यानं वही घेऊन बसू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

आणि घरातल्यांना एक विनंती. माणूस ओरडत उठला, तर त्याला गदागदा हलवू नका. दिवा लावा, नावानं हाक मारा, आज वार कोणता, आपण कुठे आहोत, ते सांगा. पाणी द्या. काय दिसलं ते मात्र सकाळी विचारा, चहा झाल्यावर.