रक्तदाब मोजा, मूत्रपिंड सांभाळा

वाढलेला रक्तदाब मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे खराब करत राहतो, आणि तरीही कुठे दुखत नाही. पायांवर सूज येईपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. म्हणून त्रास नसतानाच मोजणी व्हायला हवी, आणि त्यासाठी घराजवळचं औषधाचं दुकान ही उत्तम जागा आहे. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२१पासून चाळिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब औषध दुकानांत मोफत तपासला जातो. लॉस एंजेलिसमध्ये तर डॉक्टरांच्या सहकार्याने फार्मासिस्ट केशकर्तनालयांत जाऊन उपचार करू लागले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यावरच्या अभ्यासात सहा महिन्यांत वरचा आकडा सरासरी २७ने उतरला. तुलनेच्या गटात जेमतेम ९ने.

कोणी म्हणेल, दुकानातल्या गर्दीत आकडा चुकेल. शंका रास्त आहे, पण त्यावर उपाय आहे: पाच मिनिटं शांत बसणं, पाठीला टेकू, दंड हृदयाच्या पातळीवर, योग्य मापाचा पट्टा आणि दोनदा मोजणी. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचं. आकडा वारंवार १४०/९० किंवा त्याहून जास्त आला, तर त्यांनी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं की मूत्रपिंडाचा बिघाड सुरुवातीलाच सापडू शकतो. शिवाय रोज सांधेदुखीची गोळी मागणारं गिऱ्हाईक याच काउंटरवर येतं. अशा अनेक गोळ्या रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंडालाही अपाय करू शकतात, हे त्याला तिथेच सांगता येतं. तेव्हा औषध घ्यायला जाल, तेव्हा रक्तदाबही मोजून घ्या आणि आकडा लिहून ठेवा.