हसवायचे खरे, पण विषय आणायचा कोठून?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पुढील वर्षी आपल्या मंडळात एकपात्री विनोदी कार्यक्रमाची स्पर्धा ठेवावयाची असे ठरले आहे. "विषय कसा शोधावा ते तुम्ही सांगा," अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली, म्हणून मी उभी आहे. माझी नात या प्रकाराला 'स्टँडअप' म्हणते. तिने मला समजावून सांगितले, "आजी, म्हणजे एकटीने उभं राहून बोलायचं आणि लोकांनी ऐकायचं." मी म्हटले, "अगं, चाळीस वर्षं मी ओट्यापाशी उभी राहून बोलतेच आहे. ऐकणारे फक्त पेपर वाचत असायचे."

तर भगिनींनो, आधी माझी फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात मी पहिल्यांदा विनोद सांगायला उभी राहिले. विनोद सगळे मोबाईलवर आलेले. वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले होते. तिसऱ्या विनोदाला पहिल्या रांगेतल्या एका लहान मुलीने माझ्या आधीच शेवटचे वाक्य म्हणून टाकले. हशा पिकला, पण तो तिच्या वाट्याला गेला! उसनी साखर आणावी आणि जिची तिलाच चहातून पाजावी, तसे झाले.

तेव्हा ठरविले की विनोद आपल्या घरचाच हवा. आपल्याकडचे मोठे विनोदकार तरी दुसरे काय करीत होते? चिं. वि. जोशी बडोद्याला पाली भाषा शिकवीत. एवढे विद्वान गृहस्थ, पण हसविले ते चिमणरावाच्या संसारातून. पु. ल. देशपांड्यांनी १९६१ साली 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगभूमीवर उभी केली. चाळकऱ्यांचे हेवेदावे आणि हौस एवढेच त्यांचे भांडवल. लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये एकट्याने बावन्न माणसे उभी केली, ती खेड्यातल्या ओसरीवरची. आणि आपल्या बायकांतले नाव हवे असेल तर लक्ष्मीबाई टिळक. १९३४ सालापासून निघू लागलेल्या 'स्मृतिचित्रां'त वडिलांचे सोवळ्याचे वेड, पतीचा तापट स्वभाव आणि स्वतःचा भोळेपणा त्यांनी असा सांगितला आहे की हसता हसता डोळ्यांना पदर लावावा लागतो.

आपले पेण काय विषयांना कमी आहे? गणपतीचेच घ्या. श्रावण लागला की मुंबईचे नातेवाईक फोन करतात, "आमची मूर्ती बघून ठेव हं. चेहरा हसरा हवा, डोळे मोठे हवेत, आखणी नाजूक हवी, आणि किंमत गेल्या वर्षीची हवी." आमच्या एका नातेवाइकांनी स्वतःच्या मुलाला कधी मांडीवर घेतले नाही. ते गृहस्थ पेण ते दादर मूर्ती मांडीवर घेऊन बसले आणि घाम पुसायलाही हात सोडला नाही. महामार्गावरचा प्रत्येक खड्डा आला की "देवा!" म्हणत. देव मांडीवरच होता, आणि त्याचा चेहरा हसराच निवडला होता.

विषय शोधण्याची माझी रीत साधी आहे. एक लहान वही फडताळात ठेवावी. दिवसभरात कशाचा राग आला, कशाची लाज वाटली, कोण बोलले एक आणि केले दुसरे, हे रात्री दोन ओळींत लिहावे. त्या दिवशी त्यात काही हसण्यासारखे दिसत नाही. महिन्याने वाचले म्हणजे दिसते. राग निवला की त्याच्यावर साय धरते, ती साय म्हणजे विनोद.

पण भगिनींनो, आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना मला संकोच वाटतो.

घरचा विषय शोधता शोधता मी शेजारच्या घरात शिरले. आमच्या गल्लीत एक काकू होत्या. उन्हाळ्यात आम्ही सगळ्या मिळून पापड लाटायला बसत असू. काकू सकाळी पापड वाळत घालताना मोजीत, दुपारी उलटताना मोजीत, संध्याकाळी डब्यात भरताना पुन्हा मोजीत. दुसऱ्या वर्षी मी त्यांचीच नक्कल केली. बोट नाचवून, ओठ हलवून, मध्येच आकडा चुकवून, पुन्हा पहिल्यापासून. सभागृह हसून लोटपोट झाले. काकूही हसल्या. मला वाटले, जिंकले!

पुढल्या उन्हाळ्यात काकू लाटायला आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. शेवटी मीच त्यांच्या घरी गेले आणि "चुकले" म्हटले. तेव्हा त्यांनी सांगितले. तरुणपणी त्या एका घरी मजुरीने पापड लाटायला जात. एकदा पापड कमी भरले आणि आळ त्यांच्यावर आला. मजुरी गेली, त्याचे त्यांना फारसे वाटले नाही. नाव गेले, ते मात्र लागले. तेव्हापासून पापड दिसला की तोंडात आकडा येतो.

मला बोलवेना. काकूच म्हणाल्या, "अगं, माझं मोजणं हसण्यासारखं आहेच, मलाही हसू येतं. पण तू का मोजते ते कधी विचारलं नाहीस." मग पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आणि विषयच हवा तर स्वतःच्या घरात बघ की. तू मोजत नाहीस, म्हणून तुझे पापड दरवर्षी गौरीच्या आत संपतात."

खरेच होते ते! जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला मी "घेऊन जा हो, घरचेच आहेत" म्हणून पापड बांधून देते आणि सणाला स्वतः दुकानातून विकत आणते. पेणच्या बाईने पेणमध्ये विकतचे पापड आणावेत, तेही पिशवीत पालेभाजीखाली लपवून, याहून मोठा विषय मी जगभर शोधीत होते!

म्हणून माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मी आता दोन प्रश्न लिहून ठेवले आहेत. पहिला : हे मी स्वतः पाहिले आहे का? दुसरा : जिच्याविषयी बोलणार, ती पहिल्या रांगेत बसली असेल, तर तिच्याकडे पाहून मला हे बोलता येईल का? दुसऱ्या प्रश्नाला अडले तर विषय टाकू नये. तिच्या घरी जावे, चहा प्यावा, कारण विचारावे. कारण कळले म्हणजे विनोद बदलतो. पुष्कळदा त्यात हसण्यासारख्या आपणच निघतो.

तेव्हा स्पर्धेत नाव जरूर द्या. सासूवर बोला, सुनेवर बोला, पण सुरुवात स्वतःपासून करा. चार वाजताची सभा साडेपाचला भरविणारे आपले मंडळ हाही विषय मोकळा आहे. अध्यक्षबाईंची परवानगी मी काढून देईन.

गेल्या वर्षी मी त्या लपविलेल्या पापडांची गोष्ट सांगितली. काकू पहिल्या रांगेत होत्या. कार्यक्रम संपल्यावर मी भीत भीत विचारले, "कसं झालं?"

काकू म्हणाल्या, "सतरा वेळा हसले लोक. त्यांतले दोनदा उगाच."