गाडीला फुकट, टोपलीला पावती

(सोलापुरात झालेल्या महिला मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)

या मेळाव्यात मी पार्किंगवर बोलणार हे कळल्यावर एक जुनी कार्यकर्ती मला म्हणाली, ‘‘अगं, आपल्यातल्या किती जणींकडे गाडी आहे? हा विषय गाडीवाल्यांचा.’’ तिचं म्हणणं मी दोन दिवस डोक्यात घोळवलं. आणि मला वाटलं, आपल्याकडे गाडी नाही म्हणूनच हा विषय आपला आहे. ज्यांच्याकडे गाडी आहे ते जागा अडवतात, ज्यांच्याकडे नाही त्यांची जागा जाते. मग बोलायचं कुणी?

आपल्या वस्तीतल्या विडी कामगार बाईचा दिवस बघा. सकाळी पोराला बालवाडीत सोडायचं, वळलेल्या विड्या घेऊन कारखान्याच्या ब्रँचवर जायचं, तिथून पुढच्या दिवसाचा पत्ता-तंबाखू घ्यायचा, वाटेत रेशन बघायचं, मंडईतून भाजी घ्यायची, सासूचं औषध आणायचं. पुरुष घरून निघतो तो कामावर जातो आणि कामावरून घरी येतो. बाई मात्र एका फेरीत चार ठिकाणं गाठते, तीही बहुतेक पायी. काखेत पोर, हातात पिशवी. आता ती कुठून चालते? फूटपाथ असेल तर त्यावर मोटारसायकली लावलेल्या. त्यांच्या पुढे चारचाकी. म्हणून ती चारचाकीच्याही पुढून, धावत्या रिक्षा आणि ट्रकच्या बाजूनं चालते. उद्या धक्का लागला तर म्हणतील, बाई रस्त्याच्या मधून चालत होती.

आणि एक गोष्ट आपण मुलींच्या तोंडून ऐकतो, पण पार्किंगच्या चर्चेत कधी येत नाही. ओळीनं लावलेल्या मोटारसायकली म्हणजे टोळक्यांचे फुकटचे बाक. त्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींकडे बघायचं, शेरे मारायचे. दोन ओळींच्या मधून, अंग चोरून, मुलीला जावं लागतं. बाजूला सरकायलाही जागा नाही. मग घरचे म्हणतात, क्लासला जाऊ नकोस, उशीर होतो. मुलीचं शिक्षण थांबायला असली कारणंही पुरतात.

आता जागेचा हिशेब करू. एक चारचाकी उभी करायला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. आपली सहावारी साडी रस्त्यावर पसरली तर साधारण साडेपाच मीटर भरते. एका गाडीला एक साडी असं समजा. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत गरिबाच्या घराला जास्तीत जास्त तीस चौरस मीटर चटई क्षेत्र धरलेलं होतं. म्हणजे दोन-अडीच गाड्या उभ्या राहतात तेवढ्या जागेत आपल्या बाईचा सगळा संसार. त्या घरासाठीही सोलापूरच्या विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. २००६ मध्ये कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं झाली. पुढे रे नगर प्रकल्प आला, तीस हजार घरांचा, त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये मिळाल्या. ही मोठीच कमाई आहे, ती मी कमी लेखत नाही. पण ती घरं शहराबाहेर आहेत. गरीब बाईला राहायला शहराच्या बाहेर जावं लागलं आणि शहराच्या पोटात, नव्या पेठेत, सोन्याच्या भावाच्या जमिनीवर गाडी दिवसभर फुकट उभी. हे कुणाला खटकतही नाही.

फुकट म्हणजे किती फुकट? आमच्या ओळखीची एक भाजीवाली आहे. टोपली आणि एक पोतं अंथरलं की तिचं दुकान मांडून होतं. त्या पोत्याएवढ्या जागेची ती रोज पावती फाडते, शिवाय गाडी आली की पळते. एकदा तिचं पोतं उचलून नेलं, कारण म्हणे वाहतुकीला अडथळा. ती उठली त्याच जागी दुपारी एक मोठी गाडी लागली, संध्याकाळपर्यंत हलली नाही. तिला ना पावती, ना दंड. भाजीवाली मला म्हणाली, ‘‘ताई, माझी टोपली अडथळा हाय, आन् ती गाडी काय हाय?’’ मी एम. एस. डब्ल्यू. केलंय, पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एका गाडीच्या जागेत पाच-सहा जणी ऐसपैस बसून भाजी विकू शकतात. पाच-सहा घरं चालतात. गाडी लावल्यानं दुकानाचा धंदा होतो, असं व्यापारी म्हणतात. काही अंशी खरं असेल. पण बहुतेक वेळा दुकानासमोर सकाळपासून रात्रीपर्यंत गाडी कुणाची असते? दुकानदाराची किंवा त्याच्या नोकरांची. गिऱ्हाईक बिचारं जागा शोधत फिरतं. थोडा दर लावला, तासाचा हिशेब ठेवला, तर गाडी येईल, काम करून जाईल, दुसऱ्याला जागा होईल. डोनाल्ड शूप नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं २००५ मध्ये याच विषयावर जाडजूड पुस्तक लिहिलं. फुकट पार्किंग फुकट नसतं, गाडी नसलेल्यांसकट सगळे त्याची किंमत भरतात, हा त्याचा मुद्दा. आपल्या भाजीवालीनं तो एका वाक्यात सांगितला.

सरकारी कागदावर सगळं छान आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात रस्त्याची जागा वाहनांपेक्षा माणसांना द्यावी असं म्हटलं आहे, पार्किंगचा दर जमिनीच्या किमतीला धरून असावा असंही आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चालण्यायोग्य पदपथ मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. सोलापूर तर जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत निवडलं गेलं. काही रस्ते देखणे झाले. देखण्या फूटपाथवरही आज गाड्या चढलेल्या दिसतात.

मग करत का नाहीत? पुण्याचं उदाहरण घ्या. मार्च २०१८ मध्ये तिथल्या महापालिकेत पार्किंगचं धोरण आलं. रस्त्यावर गाडी लावायची तर पैसे द्या, एवढीच मूळ गोष्ट. केवढा गदारोळ! शेवटी फक्त पाच रस्त्यांवर प्रयोग करायचं ठरलं आणि पुढे तेही बारगळलं. विरोध करणारे म्हणत होते, सामान्य माणसावर बोजा पडेल. हा सामान्य माणूस कोण? त्याच्याकडे चारचाकी आहे. बसथांब्यावर पाऊण तास उभी राहणारी मोलकरीण, ती सामान्य नाही का? तिच्यावर रोज बोजा पडतो, पण तो कुणी सभागृहात मांडत नाही.

मात्र मैत्रिणींनो, पार्किंग धोरण आलं की आपलं भलं होईल, असं मी म्हणत नाही. आपण तिथे नसलो तर ते आपल्याच मुळावर येईल. पहिलं संकट म्हणजे, पार्किंगच्या पट्ट्या मारायच्या म्हणून आधी हातगाड्या उठवतील. त्यासाठी २०१४ चा फेरीवाला कायदा पाठ करा. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय विक्रेत्यांना उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यातल्या एक तृतीयांश बाया असायला हव्यात. दुसरं, ठेका. वसुलीला गुंड पोरं उभी राहिली तर बाईला आणखी एक टोळकं सोसावं लागेल. हे काम महिला बचत गटांना का देऊ नये? तिसरं, बहुमजली पार्किंग. कोट्यवधी ओतून अंधारी इमारत बांधायची, जिथे संध्याकाळनंतर एकटी बाई पाऊल टाकणार नाही. त्यापेक्षा आहेत ती तळघरं मोकळी करा. नकाशात पार्किंग, प्रत्यक्षात गोदाम, अशा इमारती आपल्या शहरात कुठे आहेत हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

स्कुटीचं काय, असं मघाशी एका मुलीनं विचारलं. रास्त प्रश्न आहे. स्कुटीनं कित्येक मुलींना बाप-भावाच्या परवानगीतून सोडवलं. तिला शिक्षा नको. एका चारचाकीच्या जागेत पाच-सहा दुचाकी मावतात, तेव्हा दरही त्याच हिशेबानं कमी हवा. आणि अपंगांच्या गाडीला जागा राखीव, बिनपैशाची.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, आपल्या परिवहनमंत्र्यांनी गाडी लावायला जागा असल्याचा दाखला नसेल तर नवीन गाडीची नोंदणी नको, अशी कल्पना मांडली. जपानात १९६२ पासून असा कायदा आहे. कल्पना चांगली आहे. पण ज्याच्याकडे बंगला आहे त्याला दाखला मिळेलच. खरा प्रश्न जमा होणारा पैसा कुठे जाणार हा आहे. माझं मत स्पष्ट आहे, तो महापालिकेच्या बससाठी, फूटपाथसाठी आणि बाजारातल्या बायकांच्या मुताऱ्यांसाठी बांधून ठेवा. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यानं बाया किती फिरायला लागल्या ते आपण पाहिलं. पण कुंभारीहून शहरात रोज कामाला येणारीला शहर बस हवी, आणि आपल्या परिवहनची बस कधीकाळी गल्लोगल्ली दिसायची ती आता शोधावी लागते.

गाड्या हटवल्या तर शहर बंद पडेल, असं कुणी म्हणालं तर त्याला गड्ड्याच्या यात्रेची आठवण द्या. संक्रांतीला नंदीध्वज निघतात, रस्ते गाड्यांना बंद होतात, लेकरंबाळं घेऊन बाया मध्यरात्रीपर्यंत चालतात. बांगड्या, खेळणी, खाणं, धंदा वर्षात होत नाही तेवढा तेव्हा होतो.

तर येत्या शुक्रवारी सकाळी दहा वाजता चार पुतळ्यांपाशी जमू. नव्या पेठेतून लक्ष्मी मंडईपर्यंत चालत जायचं. कुठे फूटपाथ आहे, कुठे अडलाय, कुठे कोण किती वेळ उभं आहे, ते लिहून घ्यायचं आणि तो कागद आयुक्तांकडे द्यायचा. मेजपट्टी माझ्याकडे एकच आहे. प्रत्येकीनं खडू आणि एक जुनी सहावारी आणा. गाडीची जागा मोजायला तीही चालेल.